दुसरा डिटेक्टर घेण्याआधी, आणि घेतल्यावर

माझ्याकडे सध्या तीन मेटल डिटेक्टर आहेत. एके काळी पाच होते, आणि त्या दोन वर्षांत मला सगळ्यात कमी सापडलं. त्यामुळे "एकापेक्षा जास्त डिटेक्टर असावेत का?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "पहिल्याचं काय झालं?"

मी पेशाने ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासायचे, श्रवणयंत्रं बसवायची, हे माझं रोजचं काम. या छंदात मला ओढलं तेही आवाजानेच. अण्णा हे माझे शोधातले जोडीदार, वयाने वीस-बावीस वर्षांनी मोठे. त्यांनी एकदा हेडफोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाले, "हे ऐक. हा खिळा. आणि हे... हे नाणं." फरक इतका स्वच्छ होता की मी घरी आले तीच डिटेक्टर घ्यायचं ठरवून. पुढचं सगळं शिक्षण खड्डे खणून झालं, आणि काही शिक्षण विनाकारण यंत्रं विकत घेऊन.

माझ्या तिघांना मी नावं ठेवली आहेत, ती आत्ताच सांगते, म्हणजे पुढे सोपं जाईल. पहिला "म्हातारा": एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारा, साधा, हलका. दुसरा "पाणबुड्या": एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारा, पाण्यात बुडवला तरी चालणारा. तिसरा "आंधळा": पल्स इंडक्शन जातीचा. धातू आहे एवढंच तो सांगतो, कोणता ते बघायची त्याला दृष्टी नाही.

आधी पहिल्याला दोष देणं थांबवा

दुसरा डिटेक्टर घ्यावासा वाटतो तो बहुतेक वेळा रिकाम्या हाताने घरी परतल्यावर. त्या संध्याकाळी काहीही विकत घेऊ नका. त्याऐवजी वही काढा आणि रिकामं परतण्याचं कारण एका ओळीत लिहा. माझ्या वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत: "जागा चुकली, भराव टाकलेली माती." "घाई. कॉइल जमिनीपासून वीतभर वर." "खिळेच खिळे." "ओल्या वाळूत सारखा किंचाळतोय." (कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी.) अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की चित्र आपोआप उभं राहतं. माझ्या पंचविसातल्या चौदा नोंदी जागेच्या किंवा माझ्या हाताच्या चुका होत्या. त्यावर नवं यंत्र घेऊन काय होणार होतं?

एक जुनी गोष्ट इथे आठवते. १९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला एरिक लॉज नावाचे गृहस्थ आपला डिटेक्टर घेऊन गेले, आणि त्यांना रोमन काळातली सोन्याचांदीची जवळजवळ १५ हजार नाणी सापडली. हातोडाही मिळाला. जागा बरोबर असेल तर साधं यंत्रही बोलतं. जागाच चुकीची असेल तर पाच यंत्रंही गप्प बसतात.

वहीत एकच कारण पुन्हा पुन्हा येत असेल, आणि ते कारण तुमच्या हातचं नसून यंत्राच्या जातीचं असेल, तरच पुढे वाचा. म्हणजे, वाचा तसंही, पण पाकीट उघडू नका.

आधी कॉइल बदलून बघा

"खिळेच खिळे" ही नोंद माझ्याकडे सहा वेळा होती. पडक्या घराच्या जागी, जुन्या वहिवाटीच्या पायवाटेवर हे होणारच. अशा ठिकाणी नाणं नसतं असं नाही, खिळा त्याला झाकून टाकतो. मोठ्या कॉइलखाली एका वेळी खिळाही येतो आणि नाणंही. यंत्राला आपण सांगून ठेवलेलं असतं की लोखंड आलं तर गप्प बस, म्हणून ते दोघांवरही गप्प बसतं.

हे घरी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. प्लास्टिकचं स्टूल घ्या. लाकडी नको, त्यात खिळे असतात. त्यावर एक नाणं आडवं ठेवा. कॉइल चार बोटं वरून फिरवा, नाणं खणखणीत वाजेल. आता नाण्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर एक गंजका खिळा ठेवा आणि तशीच कॉइल फिरवा. आवाज तुटतो, खरखरतो, कधी पार नाहीसा होतो. आता स्टुलाच्या दुसऱ्या बाजूला, काटकोनात उभे राहून फिरवा. बऱ्याचदा एका दिशेने नाणं पुन्हा डोकं वर काढतं, अगदी क्षणभर, चिमणीने एकदाच चिवचिवावं तसं. मग ११ इंची कॉइल काढून ६ इंची लावा आणि तोच प्रयोग करा. लहान कॉइल एका वेळी कमी जमीन बघते, त्यामुळे खिळा आणि नाणं तिला वेगवेगळे दिसू लागतात.

त्या पडक्या भिंतीपाशी म्हाताऱ्यावर लहान कॉइल चढवून मी परत गेले. तीन वेळा धुंडाळलेली जागा होती ती. एका खिळ्याच्या कुशीत, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, तांब्याचं एक घासलेलं नाणं निघालं. त्यावरचं अक्षर वाचता येत नव्हतं. त्या नाण्याचं मोल शून्य, पण त्याने माझा एक डिटेक्टर वाचवला.

लहान कॉइलची किंमत खोलीत मोजावी लागते. नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत सापडते, हा ढोबळ हिशेब. म्हणून उघड्या, स्वच्छ शेतात उलट करा: १३-१५ इंची कॉइल लावा, एका फेरीत जास्त जमीन झाकली जाते. मात्र दोन तासांनी खांदा बोलायला लागतो. एक यंत्र आणि तीन कॉइल ही मला अनेकदा तीन यंत्रांपेक्षा शहाणी खरेदी वाटते. आकडे तेच, बटणं तीच, कान तोच.

दुसरा कोणता? पहिला जिथे बहिरा होतो, तिथे ऐकणारा

माझी दुसरी खरेदी ओल्या वाळूमुळे झाली. समुद्रावर ओहोटीच्या वेळी मी म्हाताऱ्याला घेऊन उतरले. कोरड्या वाळूत तो शहाण्यासारखा वागत होता. ओल्या पट्ट्यात पाऊल टाकलं आणि प्रत्येक फेरीला किंचाळू लागला. मी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, कमी केली, आणखी कमी केली. शेवटी तो शांत झाला. मला वाटलं, जिंकले. मग खिशातलं नाणं टाचेने वाळूत दाबलं आणि वरून कॉइल फिरवली. आवाज नाही! शांत झाला नव्हता तो, बहिरा झाला होता.

कारण असं. साधा डिटेक्टर जमिनीत एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीची चुंबकीय लाट सोडतो. धातूत त्यामुळे छोटे प्रवाह फिरू लागतात, त्यांची उलट लाट कॉइलकडे येते, आणि ती किती उशिरा आली यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. जमीनही उत्तर देते, म्हणून ग्राउंड बॅलन्स करून ते उत्तर वजा करायचं. पण खारी ओली वाळू वीज वाहून नेते, आणि काळी वाळू म्हणजे मॅग्नेटाइट, ते चुंबकीय. दोघींची उत्तरं वेगवेगळी. एकाच फ्रीक्वेन्सीवर एकीचा हिशेब जुळवला की दुसरीचा बिघडतो. अनेक फ्रीक्वेन्सी एकदम वापरणारं यंत्र ही उत्तरं ताडून बघतं, म्हणून समुद्रावर ते शांत राहूनही ऐकतं. पाणबुड्या घरात आला तो यासाठी.

आंधळा त्याच्याही पुढचा. तो सतत लाट सोडत नाही, एक धक्का देतो, थांबतो, आणि काही मायक्रोसेकंदांनी कुणी अजून गुणगुणतंय का ते ऐकतो. मीठ आणि खनिजं तोवर गप्प झालेली असतात, धातू गुणगुणत असतो. त्यामुळे खोली भरपूर मिळते. पण खिळा असो की अंगठी, त्याला सारखेच. वाळूत हे चालतं, एक फावडं मारलं की झालं. कडक मातीत चार तास खिळे काढून बघा, मग कळेल मी त्याला आंधळा का म्हणते. आणि थांबण्याचा वेळ वाढवला की मीठ आणखी शांत होतं खरं, पण बारीक सोनंही त्याच भरात निसटतं. नाजूक साखळी तर कुठल्याच यंत्राला धड दिसत नाही, कारण यंत्राला ती साखळी न दिसता एकेक इवलीशी कडी दिसते.

तुमचं कारण बारीक सोनं असेल, ओढ्याकाठचे कण, तर उंच फ्रीक्वेन्सीचं यंत्र. फिशरच्या गोल्ड बग २ ची फ्रीक्वेन्सी ७१ किलोहर्ट्झ आहे, आणि ती उगीच नाही. चांदी-तांब्याची मोठी नाणी खोलवर हवी असतील तर खालची, ५ किलोहर्ट्झच्या आसपासची. पण आता मायनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० सारख्या यंत्रात ५, १०, १५, २० आणि ४० किलोहर्ट्झ वेगवेगळे निवडता येतात आणि सगळे मिळूनही चालवता येतात. तेव्हा "मला वेगळी फ्रीक्वेन्सी हवी" एवढ्या कारणासाठी दुसरं यंत्र घेण्याआधी पहिल्याच्या मेन्यूत डोकावून या. माझ्या ओळखीतल्या एकीने घेतलं, आणि घरी आल्यावर तिला कळलं की जुन्यात ते होतंच.

जुळं घेणं, म्हणजे तेच मॉडेल दुसऱ्यांदा, हे वेडेपणाचं वाटतं. मी आधी हसायचे. पण अण्णा तेच करतात. दूर जायचं असतं, नात सोबत असते, एक बंद पडला तर दुसरा. कॉइल, बॅटऱ्या, चार्जर सगळं एकमेकांना चालतं, आणि कानाला नवं काही शिकावं लागत नाही. जोडीने शोधणाऱ्यांना मी आता हेच सुचवते.

दोन यंत्रं, एक कान

हा भाग मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे माझा धंदा आणि माझा छंद एकमेकांना भेटतात.

धातू कोणता असावा हे सुचवायला यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, आणि प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे. गॅरेटच्या एटी प्रोवर पट्टी ० ते ९९, इक्विनॉक्सवर उणे ९ ते ४०. एकीवरचा पन्नास दुसरीवर अस्तित्वातच नाही. म्हाताऱ्याचे आकडे डोक्यात असताना पाणबुड्याच्या पडद्याकडे बघितलं की मी पहिला अर्धा तास चुकीचं खणते. खणते म्हणण्यापेक्षा, जे खणायला हवं ते सोडून देते, आणि ते कधी कळतच नाही. दोन यंत्रं असण्याचा खरा तोटा हाच आहे.

उपाय आवाजात आहे. आकडा विसरा, आवाज एक करा. दोन्ही यंत्रांवर टोनची रचना सारखी लावून घ्या: लोखंडाला खालचा घोगरा, मधल्या धातूंना मधला, चांदी-तांब्याला वरचा. तीनच टोन. एका यंत्रावर तीन आणि दुसऱ्यावर पन्नास असं करू नका. जिथे टोनची उंची बदलता येते, तिथे दोन्हीकडे शेजारी-शेजारी ठेवून कानाने जुळवा.

आणि वरचा टोन फार वर ठेवू नका. वय वाढतं तसा कान आधी वरच्या पट्टीतला आवाज गमावतो. आम्ही २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत तपासतो, आणि आलेखाचा उतार जवळजवळ नेहमी उजवीकडून, म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीच्या बाजूने सुरू होतो. अण्णांचं असंच झालं. नव्या यंत्रावर त्यांना चांदी सापडेना. यंत्र खराब आहे म्हणून परत करायला निघाले होते.

"अण्णा, दुकानात नंतर जा. आधी माझ्याकडे या."

"मला नीट ऐकू येतं. तू बोलतेस ते येतंय ना!"

"मी चांदी नाही, अण्णा."

तपासणी केली. बोलणं उत्तम ऐकू येत होतं, ३००० हर्ट्झच्या वर मात्र आलेख कड्यावरून दगड पडावा तसा खाली. त्यांच्या यंत्राचे टोन उतरवले, वरचा टोन त्यांना आरामात ऐकू येईल अशा पट्टीत आणला, आवाज वाढवला नाही. आवाज वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा, उरलेला कानही जातो. पुढच्याच फेरीत त्यांनी मला चिमटीत धरून एक चांदीचं बटण दाखवलं. नवं यंत्र घेण्याआधी कान तपासून घ्या, हा सल्ला मी ओळखीच्यांना फुकट देते.

वायरलेस हेडफोनबद्दलही एक गोष्ट. साध्या ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचे दोन दशांश तरी सहज जातात. कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर आवाज येईपर्यंत ती वीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते. एका यंत्राला वायरचा हेडफोन आणि दुसऱ्याला वायरलेस असेल तर तुमचा हात एकावर अचूक आणि दुसऱ्यावर वीतभर चुकीचा खड्डा काढेल. दोन्हीला एकाच जातीचा हेडफोन ठेवा, कमी विलंबाचा किंवा सरळ वायरचा.

ओळखीचा वाफा

आवाज जुळले की सरावाची जागा तयार करा. दीड-दोन मीटरचा पट्टा पुरतो. आधी तो पट्टा सगळ्या यंत्रांनी साफ करून घ्या. मग हातभर अंतराने एकेक वस्तू पुरा: नाणी दोन-तीन जातींची, साधी अंगठी, कॅनच्या झाकणाची कडी, फॉइलचा बोळा, बाटलीचं पत्र्याचं झाकण, खिळा, आणि शेवटी खिळ्याशेजारी नाणं. खोली मोजून लिहा, वर प्लास्टिकची खूण ठोका. लोखंडी खूण ठोकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मग तिन्ही यंत्रं एकामागून एक त्यावरून न्या आणि वहीत रकाने भरा: वस्तू, खोली, या यंत्राचा आकडा, त्याचा आकडा, आवाज कसा होता. माझ्या वहीत सगळ्यात महत्त्वाच्या दोन ओळी अंगठीच्या आणि झाकणाच्या कडीच्या आहेत, कारण त्या एकमेकींना चिकटून आहेत. सोन्याची अंगठी आणि अॅल्युमिनियमची कडी बऱ्याचदा सारख्याच आकड्यावर येतात, कुठल्याही यंत्रावर. ज्याला सोनं हवं त्याला कड्या खणाव्या लागतात. यातून सुटका करणारं यंत्र मला अजून दिसलेलं नाही, जाहिरातीत मात्र अनेकदा दिसतं.

ताजी उकरलेली माती आणि वर्षानुवर्षं न हललेली माती वेगळ्या बोलतात, म्हणून पुरल्या दिवशीच्या आकड्यांवर निकाल देऊ नका. वाफ्याला दोन-तीन पाऊस खाऊ द्या आणि पुन्हा मोजा. दर खेपेला दुसरं यंत्र बाहेर काढण्याआधी मी दहा मिनिटं या वाफ्यावर घालवते, गवई तानपुरा जुळवून घेतो तशी.

एका फेरीला एकच

तिन्ही यंत्रं गाडीत टाकून निघायचा उत्साह मलाही आला होता. एका शेतात मी सकाळी म्हाताऱ्याने सुरुवात केली, अर्ध्या तासाने वाटलं पाणबुड्या खोल जाईल, मग आंधळा. दुपारपर्यंत मी सात वेळा यंत्र बदललं. शेताचा एक कोपराही पूर्ण झाला नाही. अण्णा शेजारच्या पट्ट्यात एकाच यंत्राने, नांगराच्या तासासारखे सरळ, सावकाश फिरत होते. त्यांच्या पिशवीत संध्याकाळी नऊ वस्तू, माझ्या पिशवीत तीन खिळे आणि एक नट.

आता मी निघण्याच्या आदल्या रात्री ठरवते. कोरडी माती, बागा, पडक्या जागा: म्हातारा. ओली वाळू, उथळ पाणी: पाणबुड्या. वादळानंतर वाळू वाहून गेलेला किनारा, किंवा खनिजांनी भरलेली लाल-काळी जमीन: आंधळा. दुसरं यंत्र सोबत घेतलंच तर ते फक्त पहिलं निकामी झालं तर म्हणून, एरवी आणि ते बॅगेतून निघत नाही. एकच अपवाद: संशयास्पद सिग्नल. खूप खोल, कुजबुजता आवाज आला की खूण ठोकायची, आणि दिवसाच्या शेवटी दुसऱ्या यंत्राने फक्त त्या खुणा तपासायच्या. दोन वेगळ्या जातीच्या यंत्रांनी दोन्ही दिशांनी एकच गोष्ट सांगितली तर खणा. पाणबुड्या "चांदी" म्हणतो आणि काटकोनात फिरल्यावर "लोखंड" म्हणतो, असं झालं की बहुधा गंजलेला, वाकलेला खिळा असतो. मी तरीही खणते. दहातला एखादा फसवतो चांगल्या बाजूने.

दोन यंत्रं एकाच वेळी चालू असतील तर ती एकमेकांचं ऐकतात, विशेषतः जवळच्या फ्रीक्वेन्सीची. दोघांनी किमान दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा, एकेकाने नॉइज कॅन्सल (बाहेरचा गोंगाट टाळायची सोय) करा, एकदम नको. बाजूला ठेवलेलं यंत्र बंद करा, नुसतं आडवं टाकू नका. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, चालू ठेवून कॉइलखाली नेला तर तोही किंचाळायला लावतो. आणि स्वतःच्या अंगावरचा धातू तपासा: बुटातली पोलादी टोपी, खिशातला फोन, हातातलं कडं. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतःचं धातुशोधक यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही, आणि एक अडथळा होता गादीखालच्या धातूच्या स्प्रिंगांचा. बेलसारख्याला जे नडलं ते आपल्याला नडणारच.

जपणूक, थोडक्यात पण नेटाने

एक यंत्र असतं तेव्हा ते वापरात राहतं, म्हणून टिकतं. तीन असली की दोन कपाटात मरतात. साध्या बॅटऱ्या काढून ठेवा. माझ्या एका यंत्राच्या कप्प्यात त्या पाझरल्या आणि स्प्रिंगा हिरव्या झाल्या, चूक पूर्ण माझी. लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, अर्ध्यावर ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बघा. मी कॅलेंडरवर खूण करते.

पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बंद झाकणानेच. झाकणाची रबरी कडी बोटाने चाचपा. एकदा मी चाचपली नाही. वाळूचा एकच कण होता, डोळ्याला दिसणारही नाही असा, आणि त्याने कप्प्यात चमचाभर समुद्र आत घेतला. यंत्र दुरुस्तीला गेलं, दीड महिना परत आलं नाही, आणि परत आलं तेव्हा सोबतच्या कागदावर "ग्राहकाची चूक" एवढंच लिहिलं होतं. खरं होतं, पण जरा गोड शब्दांत लिहिता आलं असतं.

कॉइलचं प्लास्टिकचं आवरण काढून आतली वाळू झटका, काळी वाळू तिथे साठली की यंत्र विनाकारण बडबडतं. वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, ती हलली तरी खोटे आवाज येतात. आणि सॉफ्टवेअर अपडेट मोहिमेच्या आदल्या रात्री करू नका. माझ्या सगळ्या सेटिंगा एकदा त्यात पुसल्या गेल्या, तेव्हापासून दर यंत्राच्या सेटिंगांचा फोटो फोनमध्ये असतो.

परवानगीबद्दल एवढंच. जमीन कुणाची ते विचारा, होकार लेखी घ्या, त्या देशाचा कायदा आधी वाचा. तो देशागणिक फार वेगळा असतो. जतन केलेल्या ऐतिहासिक जागी यंत्र गाडीतूनही काढू नका. प्रचंड मोठा आणि जड सिग्नल आला आणि मातीतून गोलसर, गंजकं, नळकांड्यासारखं काही डोकावलं, तर तो न फुटलेला बॉम्ब असू शकतो: हात मागे घ्या, दूर व्हा आणि पोलिसांना कळवा. किती यंत्रं आहेत याने इथे काही फरक पडत नाही.

कधी विकायचा

माझा नियम: सलग एक वर्ष ज्याला बाहेर नेलं नाही, तो विकायचा. पाचांतले दोन असेच गेले. त्या पैशांत चांगला पिनपॉइंटर आणि न वाकणारं फावडं आलं, आणि त्या दोन वस्तूंनी जितका वेळ वाचवला तितका कुठल्याच तिसऱ्या डिटेक्टरने वाचवला नाही. ऑस्ट्रेलियात १९८० साली डिटेक्टरने सापडलेला २७ किलोचा सोन्याचा गोळा सगळ्यांना माहीत असतो. तो उकरायला हात किती दुखले असतील हे कुणी सांगत नाही.

विकताना कॉइल, चार्जर आणि वाफ्याच्या वहीतलं त्या यंत्राचं पान द्या, नक्कल करून. घेणाऱ्याचे दोन महिने वाचतात. मी एका तरुण मुलाला दिलं तेव्हा आठवडाभराने त्याचा फोन आला.

"ताई, तुम्ही अंगठीचा आकडा लिहिलाय ना, त्यावर मला सारख्या कॅनच्या कड्याच मिळतायत. अकरा झाल्या."

"पुढची ओळ वाचलीस का?"

कागद उलगडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.